हिमालयन ४११ चं सस्पेन्शन: वर्तकनगरच्या पार्किंगमधल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री भंडारदऱ्याहून परत आलो. बायको गाडीवरून उतरली, हेल्मेट काढलं, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तू गाडीने ये, मी एसटीने येते." चेष्टेत नव्हती. कसाऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं पण पुढे वडप्यापासून माजिवड्यापर्यंत हायवे रुंदीकरणाचं काम चालूय तिथे डायव्हर्जन, कच्चा पट्टा, परत डांबर, परत डायव्हर्जन, आणि प्रत्येक ठिकाणी मागचा शॉकअप तळाला जाऊन धाडकन आपटत होता. पुढे बसलेल्याला हे अर्धंच कळतं, मागचा माणूस बरोब्बर चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो.

गाडी रॉयल एनफिल्डची २०२० ची बीएस६ हिमालयन, ४१ हजार किलोमीटर झालेत. पुढे ४१ मि.मी.चे साधे फोर्क (चाक धरणारे दोन पाय), २०० मि.मी. ट्रॅव्हल (चाकाला वरखाली व्हायला मिळणारी जागा), मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉकअप यांच्यामध्ये सांधे असलेला) मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, चाकाला १८० मि.मी. पुढे काहीच अ‍ॅडजस्ट होत नाही, मागे फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते), तोही सी-स्पॅनरने. एकट्याने चालवताना मला कधी तक्रार नव्हती, अजूनही नाही. पण दोघं, वर दोन सॅडलबॅग, असं गाडीला लादलं की गणित बदलतं. तर या वहीत आता सगळं लिहून ठेवणार, म्हणजे काय केलं ते नंतर आठवेल, मला परवा टायरमध्ये किती हवा भरली तेही आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज फक्त मोजमाप. पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

सॅग म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते आणि तुम्ही बसल्यावर किती बसते. आधी चाक हवेत असताना माप घ्यायचं, मग गाडी जमिनीवर, मग माणूस पूर्ण गिअर घालून बसलेला. तिघं लागतात, एक बसणार, एक गाडी सरळ धरणार, एक टेप धरणार. मी बसलो, वॉचमन काकांनी गाडी धरली, लेकीने टेप धरली आणि आकडे ओरडून सांगितले, दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं गाडी विकतोय.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून लिहितो. माप दोनदा घ्यायचं. एकदा गाडी हाताने वर उचलून हळू सोडायची, जिथे थांबेल तिथे मोजायचं, मग खाली दाबून हळू सोडायची, परत मोजायचं. दोन्ही आकडे कधीच सारखे येत नाहीत कारण सील-बुश घासतात. सरासरी हा सॅग. दोघांतला फरक म्हणजे घर्षण.

पुढे: नुसती गाडी ४६. मी बसल्यावर ६८ आणि ८०, सरासरी ७४.
मागे: नुसती गाडी २२, मी बसल्यावर ६३, बायको आणि सामान धरून ११२.

माझं वजन ८४, जॅकेट-बूट-हेल्मेट धरून ९२. बायकोचं ६१ (हे लिहायला परवानगी घेतलीये), सामान १८. आता ११२ चा अर्थ असा की १८० पैकी ६२ टक्के ट्रॅव्हल गाडी जागेवर उभी असतानाच संपलेलं. खड्डा यायच्या आधीच. उरलेल्या ६८ मि.मी.मध्ये भिवंडी बायपास मावणार कसा.

अशा गाड्यांना माणूस बसल्यावर साधारण ३० ते ३५ टक्के बसली पाहिजे असं धरतात. म्हणजे मागे ५४ ते ६३ आणि पुढे ६० ते ७०.

मग सगळे करतात तेच केलं, न करायचं ठरवूनही, सी-स्पॅनर काढला आणि मागचा प्रीलोड पूर्ण आवळला. परत मोजलं: नुसती गाडी ४, मी ४५, दोघं-सामान ९४. म्हणजे दोघांसाठी अजूनही ५२ टक्के, आणि एकट्याने चालवताना गाडी आता वरच्या टोकाला टेकलेली. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच नाही, प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर खटकन टॉप-आउट होणार.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज असेल. स्प्रिंग तेवढीच राहते, गाडी फक्त उचलली जाते. बघा ना, मी बसल्यावर आधी ४१ मि.मी. बसली, आवळल्यावरही ४१ च. दोघांसाठी लागते जाड तारेची स्प्रिंग, आवळलेली पातळ नव्हे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली, खाली आलो.

नवीन काही घ्यायच्या आधी जुनं काय मेलंय ते बघायचं. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडाचा ओंडका आणि पुढचं चाक हवेत. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवलं तर बरोब्बर मध्यभागी खटका. बोटाला जाणवतो, जसा जुन्या रेडिओच्या नॉबला असतो तसा. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. दोष माझाच आहे, चार वर्षं वॉशिंगवाल्याकडे प्रेशर पंपाने धुवून घेतोय, पाणी सगळीकडे शिरणार आणि ग्रीस निघून जाणार. टेपर रोलरवाला सेट टाकायचा ठरवलं.

मागे लिंकेज उघडलं. तीन पिव्होट, त्यातल्या एकातली स्लीव्ह हाताने फिरेचना. बाहेर काढली तर लालभडक गंज, कोकणातल्या लाल मातीत बुडवून काढल्यासारखी. म्हणजे माझा शॉकअप जो काही काम करत होता तो या गंजाला ओढून करत होता, आणि मी दोष स्प्रिंगला देत होतो (तोही खरा आहे, पण अर्धा). बेअरिंग बदललं, बाकीचे डिझेलने धुवून मरीन ग्रीस भरलं, ते पाण्याला दाद देत नाही.

आता जरा बरी चालते. पण ११२ चे १०९ झाले, एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे नुसतं वाचन आणि फोनाफोनी. स्वीडनच्या ओहलिन्सचं सस्पेन्शन बघितलं, बंद केलं. मित्र म्हणाला सगळं सोड आणि नवी हिमालयन ४५० घे, २०२३ पासून तीच आलीये, पुढे शोवाचे ४३ मि.मी.चे उलटे फोर्क, मागेही २०० ट्रॅव्हल. बरोबर आहे त्याचं. पण ही गाडी मला आवडते, आणि दुसरं म्हणजे घरात हप्त्यांचा विषय सध्या काढायचा नाही.

शेवटी असं ठरलं. मागे पूर्ण नवीन शॉकअप, वेगळा रिझर्व्हॉयर (बाजूची छोटी टाकी), रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) अ‍ॅडजस्ट होणारा, आणि हायड्रॉलिक प्रीलोडचा नॉब बाहेर साइड पॅनेलजवळ, म्हणजे बायको बसायच्या आधी हाताने फिरवला की झालं. पुढे अख्खे फोर्क बदलायचे नाहीत, त्यातच कडक स्प्रिंग आणि एम्युलेटर टाकायचे.

एम्युलेटर म्हणजे काय ते लिहून ठेवतो, कारण चार जणांनी विचारलं. आपल्या साध्या फोर्कमध्ये आत एक नळी असते, तिला भोकं, तेल त्या भोकांतून ढकललं जातं आणि त्यातून विरोध तयार होतो. भोकाचा स्वभाव असा की तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्यामुळे ब्रेक मारला, फोर्क हळू दबतोय, तेव्हा विरोध जवळपास नाहीच आणि गाडी तोंडावर पडते, आणि खड्ड्याची धार लागली, फोर्क एकदम वेगात दबतोय, तेव्हा तेल अडकतं आणि सगळा झटका मनगटात. मऊ पाहिजे तिथे कडक, कडक पाहिजे तिथे मऊ. एम्युलेटर ही त्या नळीच्या डोक्यावर बसणारी छोटी झडप आहे, तिच्यावर एक बारीक स्प्रिंग, दाब ठरावीक पातळीपलीकडे गेला की झडप उघडते आणि तेलाला मोकळी वाट देते. ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या रेस टेकने रुजवली, आता बरेच जण बनवतात. बारीक स्प्रिंग किती फेरे आवळायची ते आपल्या हातात.

ऑर्डर देताना विक्रेत्याने वजन विचारलं. तिघांचं सांगितलं, मी, बायको आणि सामान. तो म्हणाला बहुतेक लोक फक्त स्वतःचं सांगतात, तेही पाच किलो कमी करून.

२ मार्च, रविवार

मागचा शॉकअप आला आणि बसला. डबल स्टँडवर गाडी, मागच्या चाकाखाली फळ्या सरकवून चिमट्याचं (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं) वजन घेतलं, लिंकेज सोडलं, खालचा बोल्ट लगेच आला. वरच्या बोल्टने मात्र दीड तास खाल्ला, जागा अशी चिंचोळी की पाना एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरतो. बोटांची सालं गेली.

जुना आणि नवा शेजारी ठेवले तर नव्याची तार उघड उघड जाड. रिझर्व्हॉयरमध्ये नायट्रोजन असतो, दाबाखाली, म्हणजे शॉकअप तापून वेगाने वरखाली होताना तेलाचा फेस होत नाही. तो व्हॉल्व्ह घरी उघडून बघायचा नाही. लेकीला दोनदा सांगितलं, मेहुण्याला चारदा.

सॅग: नुसती गाडी २०, मी ५०, दोघं-सामान ८८, आणि नॉब पूर्ण फिरवल्यावर ६४. ६४ म्हणजे ३६ टक्के. वही बंद करून चहा.

रिबाउंड: स्क्रू पूर्ण बंद करून तिथून १२ क्लिक उघडा. नेहमी बंद बाजूने मोजायचं, उघड्या बाजूने मोजलं तर दोन जणांचे आकडे जुळत नाहीत.

९ मार्च, रविवार

माझा टेस्टचा रस्ता ठरलेला आहे. पहाटे साडेपाचला निघायचं, माजिवडा, मग घोडबंदर रोड, मानपाड्याच्या उड्डाणपुलाचे जॉइंट, पातलीपाड्यापासून सर्व्हिस रोडचे पेव्हर ब्लॉक (अर्धे आहेत, अर्धे उखडलेले), मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, कासारवडवली, मग गायमुखचा घाट, फाउंटन हॉटेलला चहा आणि परत. सस्पेन्शन टेस्ट करायला लोक स्पिती-लडाखला जातात, आम्हाला ठाणेकरांना महापालिकेने आणि बाकीच्या सगळ्या खात्यांनी मिळून घरपोच सोय केलेली आहे.

मागचं चाक भारी. जॉइंट कळतात पण लागत नाहीत. पुढचं मात्र एकदम बिघडल्यासारखं वाटतंय. गायमुखला वळणात ब्रेक लावला की नाक खाली, बूड वर, हँडल हलकं आणि चंचल. फोर्क तेच आहेत, वाईट झालेले नाहीत. पण मागची गाडी आता कमी बसते, पुढची तेवढीच बसते, म्हणजे सगळी गाडी पुढे कललेली. आधी दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या होत्या, जोडी जमत होती. सासूबाई म्हणतात तसं, घरात एकच माणूस सुधारला की बाकीच्यांचं अडतं.

फोर्क किती दबतो ते कळायला पुढे केबल टाय बांधला होता, तो सरकून १९३ वर. २०० पैकी. ब्रेकिंगमध्ये.

१६ मार्च, रविवार

धुळवडीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि फोर्क उघडले. कोनसेटही याच वेळी टाकला.

फोर्कच्या तळाचा अ‍ॅलन बोल्ट सोडायला गेलं की आतली नळी सोबत फिरते आणि बोल्ट नुसता गरगरतो, हे सगळ्यांचं होतं. माझंही झालं. स्प्रिंग आत ठेवून फोर्क दाबून धरला तरी नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नेऊन इम्पॅक्ट गन लावली, दोन सेकंद, वीस रुपये. तांब्याचा वॉशर नवीन टाकायचा, जुना परत वापरला तर तिथून झिरपतं.

आतलं तेल काळं-करडं आणि वास मेलेल्या माशासारखा. ४१ हजार किलोमीटर एकदाही बदललेलं नाही. इंजिन ऑइलसाठी आपण जीव टाकतो आणि फोर्कचं तेल गळेपर्यंत आठवत नाही.

नळीला भोकं पाडायला वागळे इस्टेटला गेलो, एका गाळ्यात साताऱ्याचे एक टर्नर काका आहेत, त्यांच्याकडे. किटच्या कागदाप्रमाणे ८ मि.मी.ची सहा भोकं, दोन-दोन समोरासमोर, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला काटकोनात, म्हणजे नळी कमजोर होत नाही. यामुळे जुन्या भोकांचा विरोध संपतो आणि सगळं काम झडपेकडे जातं. वरचं छोटं रिबाउंडचं भोक अजिबात शिवायचं नाही. काकांनी कागद चष्म्यावरून बघितला, म्हणाले, "चांगल्या नळीला भोकं पाडून पैसे देणारे तुम्ही पहिलेच." मग मात्र इतक्या निगुतीने आतून कडा घासून दिल्या की बोट फिरवलं तरी धार लागत नाही.

त्यांच्याच ड्रिल मशीनवर स्प्रिंग मोजली. खाली वजनकाटा, त्यावर स्प्रिंग, वरून ड्रिलच्या चकने २० मि.मी. दाबायचं. जुनी: १० किलोच्या जरा वर. नवीन: १३. म्हणजे मि.मी.ला ०.६५ किलो, न्यूटनमध्ये ६.४ च्या आसपास, आणि खोक्यावर ६.५ छापलंय. खोक्यावर लिहिलेलं आणि आतलं एकच निघालं की मन भरून येतं.

२३ मार्च, रविवार

सगळं बसवलं. सील ठोकायला महागडं ड्रायव्हर घेतलं नाही, प्लंबरकडून पीव्हीसी पाईपचा तुकडा आणला, टोक घासून सपाट केलं, झालं काम. तेल १० नंबरचं. पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना, वरच्या काठापासून खाली, १४० मि.मी. तेल वाढवलं की वरची हवा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त कडक होतो, तेही एक ट्युनिंगच आहे. एम्युलेटर २ फेरे.

चाक चढवेपर्यंत पावणेदहा झाले. पार्किंगचा लाइट दहाला बंद होतो, सेक्रेटरींचा नियम, त्यामुळे शेवटचे बोल्ट भराभर आवळले आणि घाईघाईत सॅग घेतला. नुसती गाडी ३६. मी बसल्यावर ४५ आणि ७१, सरासरी ५८. २९ टक्के, एक टक्का इकडेतिकडे, मागच्या ५० शी जोडी जमली. खूश.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून सातला बाहेर पडलो, रस्ते रिकामे होते.

ब्रेकिंग स्वर्ग. गायमुखला नाक खाली जातच नाही, म्हणजे जातं पण मापात. आणि पेव्हर ब्लॉकवर भयंकर. बारीक खडखड सगळी सरळ हातात, आधी एवढी कधीच नव्हती. लोखंडी प्लेटेची कड लागली तर दात वाजले. एवढे पैसे, एवढी मेहनत, आणि जुन्या गाडीपेक्षा वाईट, श्रीखंड गोड लागेना.

घरी आल्यावर विचार केला की झडप फार आवळलीये. फोर्कची टोपी काढली, स्प्रिंग काढली, आणि लांब तारेचा हुक करून एम्युलेटर वर ओढला. तेल काढावं लागत नाही, हे बरंय. २ चे सव्वा फेरे केले. टायरची हवाही बघितली, पुढे गार टायरला २५ होती, तशीच आहे.

५ एप्रिल, शनिवार

सव्वा फेऱ्यांवर ब्रेकिंग परत मऊ झालं आणि खडखड जशीच्या तशी. काहीतरी गंडतंय. झडप ढिली केली तर बदल व्हायला पाहिजे ना.

रात्री उशिरा, वही चाळत बसलो. जानेवारीत ६८ आणि ८०. फरक १२. मार्चमध्ये ४५ आणि ७१. फरक २६.

सव्वीस!

सरासरी छान आली म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. नवीन सील, नवीन तेल, आणि घर्षण दुपटीच्या वर. फोर्क अडकतायत. झडप बिचारी तिथे पोचतच नव्हती, छोट्या खडखडीला फोर्क हलतच नाही तर आतली झडप काय करणार. आणि मी मात्र दोनदा टोपी उघडून तिलाच दोष देतोय. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तारखेसकट, दोन आठवडे डोळ्यासमोर.

६ एप्रिल, रविवार

कारण सापडलं आणि ते पार्किंगच्या लाइटएवढं क्षुल्लक. चाक हवेत असताना मी एक्सल आणि पिंच बोल्ट (फोर्कच्या तळाशी एक्सल घट्ट धरणारा) एका दमात आवळले होते. त्यामुळे फोर्कचे दोन पाय तळाशी किंचित आत ओढलेले राहिले, समांतर नाहीत, वरखाली होताना बुशला तिरके घासतात. करायचं असं: एक्सल आवळायचा, पिंच बोल्ट ढिला ठेवायचा, गाडी जमिनीवर घ्यायची, पुढचा ब्रेक धरून आठ-दहा वेळा जोरात फोर्क दाबायचे, पाय आपापली जागा घेतात, मग पिंच बोल्ट.

पिंच बोल्ट सोडला तेव्हा टक् असा आवाज आला आणि डावा पाय डोळ्यांना दिसेल इतका सरकला. दीड-दोन मि.मी.

परत सॅग: ५४ आणि ६२. सरासरी ५८. फरक ८.

सरासरी तीच! म्हणून हा आकडा फसवतो. एम्युलेटर पावणेदोन फेऱ्यांवर नेऊन ठेवला, लगेच घोडबंदर. पेव्हर ब्लॉक आहेत हे दिसतं, बस. आज गाडी पहिल्यांदा अशी चालली की मी मानपाडा ओलांडून वाघबीळपर्यंत आलो तरी पुढच्या चाकाचा विचार मनात आला नाही.

२० एप्रिल, रविवार

एकटाच मुरबाडमार्गे वैशाखऱ्यापर्यंत, नाणेघाटाच्या पायथ्याशी, तिथून आत शेतांकडे जाणारे कच्चे रस्ते. ऊन मरणाचं.

दोन गोष्टी कळल्या. एक, मागे रिबाउंड १२ वर एका खड्ड्याला उत्तम पण एकामागोमाग पाच-सहा आले की मागचं चाक प्रत्येक वेळी थोडं थोडं कमी वर येतं, गाडी बसत जाते आणि शेवटचा खड्डा सगळ्यात जोरात लागतो. म्हणजे रिबाउंड फार सावकाश. पहिल्यांदा मला उलटं वाटलं होतं, कडक लागतंय म्हणजे अजून मंद करावं, दोन क्लिक बंद केले, तर आणखी वाईट. मग १५ वर उघडला. मोकळं झालं. एका वेळी एकच बदल, आणि त्याच शंभर मीटरच्या पट्ट्यावर परत परत, एका शेतकरीदादांनी तिसऱ्या फेरीला विचारलं, काही हरवलंय का.

दोन, पुढे उलटं. स्प्रिंग कडक झाली तर ती परतही जोरात येते, आणि पुढच्या रिबाउंडवर या झडपेचा हात नाही, तिथे अजून नळीचं जुनं छोटं भोक आणि तेलाचा घट्टपणा एवढंच आहे. उंचवट्यानंतर हँडल टुणकन वर येतं. तेल १५ नंबरचं टाकायचं. इथे एक गंमत आहे, फोर्क ऑइलवरच्या १०, १५ या आकड्यांना सगळ्या कंपन्यांमध्ये एक माप नाही, एकाचं १० दुसऱ्याच्या १५ इतकं घट्ट असू शकतं. डब्याच्या मागे ४० अंशाला सेंटिस्टोक्स किती ते बघायचं. म्हणून त्याच कंपनीचं घेतलं.

११ मे, रविवार

१५ नंबर तेल घातलं, पिंच बोल्टची पूजा करून चाक बसवलं. फरक ९. टुणकन बंद.

आज बायकोला घोडबंदरच्या फेरीसाठी तयार केलं. तिच्या अटी: फक्त फाउंटनपर्यंत, चहा नाही, मिसळ, आणि "कसं वाटतंय" असं दर पाच मिनिटांनी विचारायचं नाही. नॉब पूर्ण, रिबाउंड १५ वरून १३ (स्प्रिंग जास्त आवळली की ती जास्त जोरात परत येते, म्हणून दोन क्लिक बंद), मागे हवा ३२.

जाताना काही बोलली नाही. येताना मानपाड्याच्या पुलावर म्हणाली, "हा पूल दुरुस्त केला का?"

नाही केलेला.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत आला. २६ मे! एरवी ११ जून धरतात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या रस्त्यावर माळशेज करून यायचं ठरवलं होतं, ते वाहून गेलं. पार्किंगमध्ये पाणी, टूलबॉक्स टेबलावर चढवलाय. लिंकेजला आधीच ग्रीस आहे याचा आनंद.

८ जून, रविवार

दोघं, सामान कमी, एकच बॅग. कल्याण, मुरबाड, टोकावडे, माळशेज. पावसाने उघडीप दिली होती, घाटात धुकं आणि धबधबे मात्र चालू. मुरबाडच्या अलीकडे रस्ता जसा दर पावसाळ्यात असतो तसा.

आकडे: पुढचा केबल टाय १७१ वर, एकदाही तळाला नाही. मागे शॉकअपवरची रबर रिंग शेवटाला टेकायला बोटभर बाकी. रिबाउंड १३ च ठेवला. पाण्याखाली न दिसलेला एक खड्डा घेतला, तोंडातून शिवी निघाली पण गाडी सरळ राहिली.

परतीला टोकावड्याच्या पुढे हेल्मेटला मागून टक् असं लागलं. मला वाटलं काहीतरी सांगतेय, इंटरकॉमवर विचारलं, उत्तर नाही. थोड्या वेळाने परत टक्. झोपली होती. लगेच उठवलं, टपरीवर थांबून दोन चहा घेतले, गाडीवर डुलकी हा प्रकार बरा नाही. पण वहीत लिहायचं ते लिहिलंच.

घरी येऊन धुतली (बादली-फडकं, प्रेशर नाही). डाव्या फोर्कच्या नळीवर तेलाची बारीक रेघ. जुन्या एक्स-रेची पट्टी कापून सीलच्या ओठाखालून फिरवली, दोन-तीन वेळा, बारीक चिखल निघाला. पुसून ठेवलीये. उद्या सकाळी परत रेघ दिसली तर सील बदलायचं, आणि यावेळी रात्री पावणेदहाला नाही.

९ जून, सोमवार

रेघ आहे. सील मागवलं.